बारीक अक्षरातलं वचन

बालमित्रांनो, घरात नवा मोबाइल आला की आपण सगळ्यात आधी काय करतो? खोकं उघडतो, फोन काढतो, चार्जर काढतो. आणि खोक्याच्या तळाशी घडी घालून ठेवलेला तो पातळ कागद? तो तसाच पडून राहतो. पुढे दिवाळीच्या साफसफाईत खोक्याबरोबर तोही रद्दीत जातो. खरं की नाही? आज त्या कागदाचीच गोष्ट सांगणार आहे.

माझा भाऊ मस्कतला नोकरीला असतो. मागच्या वर्षी गणपतीत तो घरी आला, तेव्हा त्याने आमच्या नानांसाठी, म्हणजे वडिलांसाठी, तिथून एक फोन आणला. नाना रत्नागिरीला माझ्या ताईकडे राहायचे. ताईचा मुलगा आठवीत आहे. त्याने आजोबांना फोनमध्ये आवाज कसा भरून ठेवायचा ते शिकवलं. झालं! रोज रात्री आजोबा गोष्ट सांगणार आणि नातू ती फोनमध्ये साठवणार. समुद्राच्या, भुतांच्या, त्यांच्या शाळेतल्या मास्तरांच्या, अशा ३१ गोष्टी जमल्या. माघ महिन्यात नाना गेले. फोन ताईच्या कपाटात राहिला.

जून उजाडला आणि फोनने संप पुकारला. पडदा दिसायचा, घंटी वाजायची, पण बोट कितीही फिरवा, फोन ढिम्म! पासवर्डच घालता येईना. गोष्टी आत आणि आम्ही बाहेर.

“हा बाहेरचा सेट आहे”

ताई आणि भाचा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेले. खिडकीतल्या गृहस्थांनी फोन उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, “ताई, हा बाहेरच्या देशातला सेट आहे. इथे वॉरंटी नाही. पैसे भरून दुरुस्त करून देऊ.”

भाचा म्हणाला, “काका, मामा म्हणाला होता की आंतरराष्ट्रीय वॉरंटी आहे.”

“कागद आहे का?”

कागद! नशीब असं, की फोनचं खोकं भाच्याने पोस्टाची तिकिटं ठेवायला घेतलं होतं, म्हणून ते टिकलं होतं. तळाशी तो कागद तसाच होता. मुंगीच्या पायांएवढं अक्षर, एका बाजूला अरबी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. भाचा डिक्शनरी घेऊन बसला.

आता आपणही थोडं थांबू या आणि वॉरंटी म्हणजे काय ते समजून घेऊ या.

वॉरंटी म्हणजे वस्तू बनवणाऱ्याने दिलेलं लेखी वचन. “अमुक दिवसांत, अमुक प्रकारचा बिघाड झाला, तर आम्ही फुकट दुरुस्त करून देऊ.” बाजारात बोलताना लोक ‘गॅरंटी म्हणजे बदलून मिळणार, वॉरंटी म्हणजे दुरुस्त करून मिळणार’ असं म्हणतात. पण दुकानदार काय म्हणाला यापेक्षा कागदावर काय लिहिलंय ते महत्त्वाचं. फोनला साधारणपणे एक वर्षाची वॉरंटी असते. चार्जर, केबल यांची मुदत पुष्कळदा त्याहून कमी असते. आणि वचन असतं ते कारखान्यातल्या दोषाबद्दल. फोन आपटला, पाण्यात पडला, कोपऱ्यावरच्या दुकानात उघडला, तर बहुतेक वचनं तिथेच संपतात.

मग एका देशातला फोन दुसऱ्या देशात दुरुस्त करायला कंपन्या का कुरकुरतात? एक कारण तांत्रिक आहे. बाहेरून सारखे दिसणारे फोन आतून सारखे असतीलच असं नाही. प्रत्येक देशात मोबाइलसाठी वेगवेगळ्या रेडिओलहरी वापरतात, म्हणून एकाच फोनच्या निरनिराळ्या आवृत्त्या काढतात. जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या बहुतेक फोनमध्ये तर फोटो काढताना होणारा ‘खटॅक’ आवाज बंदच करता येत नाही! आता जी आवृत्ती इथे विकलीच जात नाही, तिचे सुटे भाग इथल्या सेंटरमध्ये कसे असणार? दुसरं कारण हिशेबाचं. प्रत्येक देशातली शाखा वेगळी, तिची वही वेगळी. आणि कायदेही वेगळे. युरोपीय संघात कायद्यानेच विक्रेत्यावर किमान २ वर्षांची जबाबदारी टाकली आहे.

म्हणून बऱ्याच कंपन्या मोबाइलची वॉरंटी विकत घेतलेल्या देशापुरतीच ठेवतात. काही जण ती इतर देशांतही देतात, पण अटी घालून. त्या अटी कुठे असतात? बारीक अक्षरात!

कागदात काय सापडलं?

रात्री दहा वाजता भाच्याने मला फोन केला. “मावशी, सापडलं! तिसऱ्या पानावर देशांची यादी आहे. त्यात भारत आहे!”

पण पुढे अटी होत्या. विकत घेतल्याचं मूळ बिल हवं. बिलावरचा आणि फोनचा नंबर एकच हवा. सुटा भाग इथे नसेल तर तो येईपर्यंत थांबायची तयारी हवी. आणि मुदत, खरेदीच्या तारखेपासून एक वर्ष.

मामा म्हणाला होता, “गणपतीत येईन तेव्हा फोन इकडे घेऊन जातो.” भाच्याने तारखा मांडल्या. यंदा गणपती यायच्या आतच वर्ष पुरं होत होतं! कुरिअरने पाठवायचं तर तेही सोपं नाही. फोनमध्ये लिथियमची बॅटरी असते. ती नादुरुस्त झाली, फुगली, तर पेट घेऊ शकते. अशी सदोष बॅटरी विमानाने पाठवायला बंदी आहे आणि चांगल्या बॅटरीलाही पुष्कळ नियम लागतात. म्हणजे जे करायचं ते इथेच, आणि आत्ताच.

मामाने मस्कतहून बिलाचा फोटो पाठवला. मग माय-लेकांनी कंपनीच्या मुख्य कचेरीला ई-मेल लिहिलं. त्यात रागवारागवी नव्हती. फक्त पाच गोष्टी होत्या: फोन कोणता, कधी व कुठे घेतला, नंबर काय, बिघाड काय, आणि आम्हाला काय हवं. सोबत बिलाचा आणि तिसऱ्या पानाचा फोटो. चौथ्या दिवशी उत्तर आलं, “रत्नागिरीच्या सेंटरमध्ये फोन द्या, हे पत्र दाखवा.”

भाचा उड्या मारायला लागला. मी म्हटलं, “थांब! फोन देऊ नकोस अजून.”

गोष्टी आधी बाहेर काढा

दोस्तांनो, ही गोष्ट लक्षात ठेवा. वॉरंटी फोनची असते, फोनमधल्या आठवणींची नसते. दुरुस्तीत फोन कोरा होऊ शकतो आणि ‘माहिती गेल्यास आम्ही जबाबदार नाही’ असं कागदावर बहुधा छापलेलंच असतं.

पण टचच चालत नाही तर गोष्टी काढायच्या कशा? भाच्याच्या शाळेतल्या कॉम्प्युटरच्या सरांनी युक्ती सांगितली. बाजारात ओटीजी नावाचा एक छोटासा जोड मिळतो. तो फोनला लावायचा आणि त्याला कॉम्प्युटरचा माउस जोडायचा. पडदा दिसत असेल, तर पुष्कळ फोन माउसने चालतात. ताईने जोड आणला. माउस लावला आणि पडद्यावर इवलासा बाण उमटला! पासवर्ड घातला, फोन उघडला. ३१ गोष्टी कॉम्प्युटरवर उतरवल्या आणि एका पेन ड्राइव्हवरही. मग सिम कार्ड काढून ठेवलं.

सेंटरमध्ये काकांनी पत्र वाचलं, मान हलवली आणि विचारलं, “पाण्यात पडला होता का?”

भाच्याच्या पोटात गोळा आला. मे महिन्याच्या शेवटी वळवाच्या सरीत तो फोन खिशात ठेवून घरी पळत आला होता. ‘नाही’ म्हणणं किती सोपं होतं! त्याने आईकडे पाहिलं. आई काहीच बोलली नाही.

“पडला नव्हता काका, पण एकदा पावसात थोडा भिजला होता,” तो म्हणाला.

काकांनी सिम कार्डाचा कप्पा ओढला आणि बॅटरीचा दिवा आत मारला. बऱ्याच फोनमध्ये आत एक चिमुकली पांढरी पट्टी असते. पाणी लागलं की ती लाल होते. पट्टी पांढरीच होती! “पाणी आत गेलेलं नाही,” काका म्हणाले, “आणि बाळा, खरं सांगितलंस ते बरं केलंस. नंतर निघालं असतं, तर सगळंच अडलं असतं.”

काकांनी पावती, म्हणजे जॉब शीट, लिहून दिली. भाच्याने त्यावरचा आयएमईआय नंबर खोक्यावरच्या नंबराशी ताडून पाहिला. एक आकडा चुकला होता! काकांनी हसत हसत दुरुस्त केला.

१९ दिवसांनी फोन परत आला. एक पैसा लागला नाही. टच अगदी झकास! पण आतला मुख्य भाग, मदरबोर्ड, बदललेला होता. त्यामुळे आयएमईआय नंबरही नवा होता आणि तो जॉब शीटवर लिहून दिला होता. फोन उघडला तर आत काही नव्हतं. एकही फोटो नाही, एकही गोष्ट नाही.

भाच्याने शांतपणे पेन ड्राइव्ह काढला. त्या रात्री ताईच्या घरी सगळ्यांनी मिळून नानांची मास्तरांची गोष्ट ऐकली. मलाही फोनवरून ऐकवली.

तुमच्या घरी असं झालं तर?

बिल आणि वॉरंटीचा कागद एका पाकिटात ठेवा. दोन्हींचा फोटोही काढून ठेवा. परदेशातून कुणी वस्तू आणणार असेल, तर घेण्याआधीच विचारायला सांगा, “वॉरंटी भारतात चालेल का? कुठे लिहिलंय?” तोंडी उत्तरावर विसंबू नका. सेंटरने नाही म्हटलं, तर कारण लेखी मागा.

आणि लेखी वचन देऊनही कुणी पाळलं नाही तर? आपल्या देशात १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला आणि तो जुलै २०२० मध्ये लागू झाला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे आई-बाबांना आधी सल्ला विचारता येतो. मात्र परदेशातल्या दुकानदाराला इथे आणून उभं करणं सोपं नसतं. म्हणून कागद आधी वाचलेला बरा!

करून पाहा

घरातल्या फोनवर *#०६# दाबा. १५ आकडी आयएमईआय नंबर दिसेल. त्यातला शेवटचा आकडा असतो पहारेकरी! समजा नंबर ४९०१५४२०३२३७५१८ आहे. शेवटचा ८ बाजूला ठेवा. उरलेल्या १४ आकड्यांपैकी दुसरा, चौथा, सहावा असे एकाआड एक आकडे दुप्पट करा. दुप्पट दोन अंकी आली, तर तिचे अंक मिळवा (९ चे १८, १ + ८ = ९). आता सगळ्यांची बेरीज करा. ती ५२ येते. त्यात पहारेकरी ८ मिळवा. ६० झाले! बेरजेला १० ने पूर्ण भाग गेला की नंबर बरोबर उतरवलाय असं समजा. नंबर लिहिताना एखादा आकडा चुकला, तर पहारेकरी लगेच ओरडतो.

पण आपला नंबर कुणाही अनोळखी माणसाला सांगू नका हं! आणि आज संध्याकाळी एक काम नक्की करा. घरातलं एक वॉरंटी कार्ड शोधून काढा आणि आई-बाबांना मोठ्याने वाचून दाखवा.