ओळख पटविणाऱ्या संगणकाचा शोध

आपल्या म्हसावदप्रमाणेच टेंभली हे गावही शहादा तालुक्यातलेच. देशातील पहिले आधार क्रमांक तेथे २९ सप्टेंबर २०१० रोजी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत देण्यात आले. आज रेशन दुकानात यंत्रावर बोट टेकवले असता पुष्कळदा ऐकू येते, "सर्व्हर मिळत नाही." म्हणजे नेमके काय होते, हे कला शाखेच्या विद्यार्थ्यांनीही समजून घेण्यासारखे आहे.

ओळख पटविण्याचे काम ते यंत्र स्वतः करीत नाही. बोटाचा ठसा सांकेतिक रूपात, मधल्या संगणकांमार्फत, दूरच्या मध्यवर्ती संगणकाकडे जातो. तेथील नोंदीशी तो ताडला जातो आणि 'होय' किंवा 'नाही' असे उत्तर परत येते. अशा संगणकास सर्व्हर म्हणतात.

पण विचारणा करण्यापूर्वी सर्व्हर सापडला पाहिजे. परगावी गेलेला पाहुणा वेशीवर घराची चौकशी करतो, तसेच हे आहे. डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास घडविलेल्या 'सी' भाषेत प्रोग्रॅम लिहिणारे त्यासाठी 'गेटअ‍ॅडरइन्फो' हे फंक्शन वापरतात. त्यास सर्व्हरचे नाव द्यावे. ते डीएनएस या जागतिक नामसूचीत शोध घेते आणि आकडी पत्त्यांची साखळी हाती देते. पहिल्या पत्त्यावर कोणी ओ देत नसेल, तर प्रोग्रॅमने पुढचा पत्ता गाठावा. आधारच्या व्यवस्थेत तर क्रमांकाचे पहिले दोन अंक पत्त्यातच गुंफण्याची सोय आहे. कामाचा बोजा अनेक संगणकांवर विभागला जावा, हा तिचा हेतू.

खरी मेख पुढेच आहे. शोध फसला, तर हे फंक्शन कारणही सांगते. एक सांकेतिक अंक म्हणतो, 'तूर्त कळत नाही, पुन्हा विचारा.' दुसरा म्हणतो, 'या नावाचे कोणी नाही.' पत्ता मिळूनही जोडणी न होणे, ही तिसरी गोष्ट. आणि सर्व्हरने प्रत्यक्ष 'नाही' म्हणणे, ही चौथी. निष्काळजीपणे लिहिलेला प्रोग्रॅम या चारही गोष्टींना एकच नाव देतो : 'ओळख पटली नाही.' मग दिवसाची मजुरी बुडवून आलेली बाई रिकामी पिशवी घेऊन परत फिरते. वास्तविक पहिल्या तीन प्रसंगी तिच्याविषयी कोणी काही विचारलेलेच नसते! चौथ्या प्रसंगीही ती खोटी ठरत नाही. कष्टाने झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्राला नीट उमटून मिळत नाहीत.

'ठाऊक नाही' आणि 'नाही' यांतील अंतर भाषेच्या अभ्यासकास निराळे सांगावयास नको. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानेही ते जपले, तर दुकानदार त्या बाईला निदान एवढे तरी सांगू शकेल की, "आजी, थोडं थांबा, पुन्हा पाहू."