चांगला पत्रा लागेपर्यंत

मेस्त्रींनी छोटा हातोडा हातात घेतला आणि ड्रायव्हरच्या दाराखालच्या पत्र्यावर पुढून मागे हलकेच ठोकत गेले. टण्, टण्, टण्... आणि मग एकदम भद्द. तिथं खडूनं फुली मारली. पुढे पुन्हा टण्, पुन्हा भद्द, पुन्हा फुली. मग फुलीवर लोहचुंबक धरला, तो चिकटेना. छन्नीच्या एका घावात बोटभर जाडीची लांबी, म्हणजे पुट्टी, निखळली. तिच्याखाली ठिगळ निघालं आणि ठिगळामागे ओंजळभर गंजाचा भुगा. काही वर्षांपूर्वी एका गॅरेजातून हीच गाडी ‘नव्यासारखी’ होऊन आली होती.

गाडी १९७९ची प्रीमिअर पद्मिनी. वडिलांनी घेतलेली, रत्नागिरीच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये कित्येक पावसाळे उभी राहिलेली. तिला घरीच पुन्हा उभं करायचं ठरलं, तेव्हा मला इंजिनाची धास्ती होती. मेस्त्रींचं लक्ष मात्र पहिल्या दिवसापासून जमिनीकडच्या पत्र्यावर होतं.

त्याचं कारण या गाडीच्या बांधणीत आहे. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० गाडीचं हे रूप १९६४पासून तयार होऊ लागलं आणि १९७४मध्ये त्याला ‘पद्मिनी’ हे नाव मिळालं. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे पद्मिनी, असं समीकरण पुढे कित्येक वर्षं टिकलं. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि २० वर्षांची वयोमर्यादा संपताच ऑक्टोबर २०२३मध्ये सेवेतून गेली. पद्मिनीचं १०८९ सीसीचं साधंसरळ इंजिन अनुभवी मेकॅनिक आजही चालतं करतो. पण जुन्या जीपला असते तशी वेगळी चॅसिस तिला नाही. तळाचा पत्रा, दारांखालच्या दोन पोकळ पेट्या आणि छताला धरणारे खांब मिळून सगळा भार उचलतात. दाराखालची पेटी गंजली, की गाडीचा कणाच कमजोर होतो.

गंज लागतो तो आतून. पावसाचं पाणी दाराच्या काचेच्या फटीतून खाली उतरतं. चाकांनी उडवलेला चिखल पेटीच्या कोपऱ्यात साचतो आणि पाणी निघून जाण्याची भोकं बुजतात. कोकणात त्यात खाऱ्या हवेची भर. लोखंडाचा गंज झाला, की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो. दोन पत्र्यांच्या जोडात शिरून तो त्यांना फुगवतो आणि एकमेकांपासून सोडवतो. वरच्या रंगाला फोड दिसतो, तोवर आतलं काम उरकलेलं असतं.

मी विचारलं, “मेस्त्री, कुठवर कापायचं?”

ते म्हणाले, “चांगला पत्रा लागेपर्यंत. आज हात आखडलात, तर दोन पावसाळ्यांनी मला परत बोलवाल.”

माझ्या मते या कारागिरीचं सगळं सार या उत्तरात आहे. वेल्डिंग म्हटलं की आपल्याला ठिणग्या आठवतात, पण ठिणग्या उडतात त्या शेवटच्या काही मिनिटांत. त्याआधी दिवसचे दिवस जातात ते कापण्यात, घासण्यात, मापं घेण्यात.

कापण्याआधी गाडी सपाट जागी चार घोड्यांवर, म्हणजे टेकूंवर, चढवली. दाराच्या चौकटीत लोखंडी अँगल तात्पुरते टाचले, म्हणजे खालची पेटी काढल्यावर चौकट वाकणार नाही. एका वेळी एकच बाजू उघडायची, हा नियम. मग ग्राइंडरनं कुजलेला भाग कापला आणि कडा चकचकीत होईपर्यंत घासल्या. तयार भाग मिळाला नाही, म्हणून पुठ्ठ्याचा साचा कापून, तो जागेवर बसवून, त्यावरून नवा पत्रा आखला. लाकडी ठोकळ्यावर ठोकून त्याला बाक दिला. दार लावून फट पाहिली. खाली एक सूत जास्त दिसली, म्हणून तुकडा काढला, कानस मारली, पुन्हा बसवला. असं चार वेळा.

मेस्त्री मूळचे ग्यासवाले. ऑक्सिजन-अ‍ॅसिटिलीनची ज्योत तीन हजार अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि तिची धग आजूबाजूला दूरवर पसरते. जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा पत्रा त्या धगीनं लाटांसारखा उठतो. आता ते मिग मशीन वापरतात. बंदुकीतून ०.८ मिलिमीटरची तार पुढे सरकत राहते आणि तिच्याभोवती आर्गॉन व कार्बन डायऑक्साइडचा झोत हवेला दूर ठेवतो. तरीही सलग ओळ मारायची नाही. एक टाका इथं, दुसरा पार त्या टोकाला, तिसरा मधे. प्रत्येक टाका निवल्यावरच शेजारचा. घाई केली की पत्र्याला भोक पडतं, नाहीतर तो ओढला जातो. टाका नीट बसतोय हे कानाला आधी कळतं. फोडणीतल्या मोहरीसारखी एकसारखी तडतड हवी. फटफट आवाज आला, की मेस्त्री थांबून तारेचा वेग बदलतात.

घरी हे काम करणाऱ्यानं आगीचं भय पक्कं मनात धरावं. आम्ही बॅटरी काढली, सीट आणि गालिचे बाहेर नेले, पेट्रोलची टाकी उतरवून अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवली. रिकामी टाकी निर्धोक नसते, तिच्यात राहिलेली वाफच भडकते. पाण्याची बादली आणि वाळू हाताशी होती. काम थांबल्यावरही तासभर गाडीजवळून हलायचं नाही, कारण आत कुठंतरी जुना नमदा धुमसत असू शकतो. आणि काळ्या काचेशिवाय त्या उजेडाकडे क्षणभरही बघायचं नाही. बघितलं, तर रात्री डोळ्यांत वाळू पडल्यासारखं होतं, हे प्रत्येक वेल्डर जाणतो.

टाके जुळून जोड पुरा झाला. तो घासून सपाट केला, बाहेरून जस्ताचा प्रायमर मारला आणि पेटीच्या पोकळीत लांब नळीनं पातळ मेण फवारलं. हा जोड आता रंगाखाली कुणाला दिसणार नाही. चांगलं काम न दिसण्यासाठीच असतं, तरी ते करणाऱ्या हातांची दखल घ्यायला हवी असं मला मनापासून वाटतं. त्या हातांचं शिक्षण पुस्तकात सापडत नाही. ते शेजारी उभं राहून, खडू आणि पुठ्ठा धरूनच मिळतं.

शेवटी मेस्त्रींनी पेटीच्या तळाला मुद्दाम ठेवलेल्या तीन भोकांतून तार फिरवली आणि मला तांब्याभर पाणी आणायला सांगितलं. वरून ते दाराच्या काचेवर ओतलं. आम्ही दोघं उकिडवे बसून खाली बघत राहिलो. आधी एका भोकातून थेंब आला, मग तिन्हींतून बारीक धारा लागल्या. पाणी स्वच्छ होतं, त्यात तांबूस रंगाची रेघसुद्धा नव्हती. मेस्त्रींनी हातोडा उचलला आणि दाराखालच्या पत्र्यावर पुढून मागे पुन्हा ठोकत गेले.