रिकाम्या गोठ्यातले गॅरेज



दारव्ह्याकडून दिग्रसकडे जाताना आडवाटेला एक लहानसे गाव लागते. तिथल्या मंडळींना गाजावाजा नको आहे, म्हणून गावाचे नाव देत नाही. या गावात एक मोठा गोठा आहे. एके काळी तिथे आठ बैल दावणीला असत. पुढे भाऊ वेगळे झाले, बैल विकले गेले, आणि पोळ्याला पूजेसाठी शेजारची जोडी बोलावण्याची वेळ आली. आज त्याच गव्हाणीजवळ एक जुना एचएमटी ट्रॅक्टर, बिनटपाची एक जीप आणि दोन डिझेल इंजिने उभी आहेत. चार घरांनी मिळून गोठ्याचे गॅरेज केले आहे.

कृषी विस्ताराच्या कामानिमित्त माझी तिथे फेरी असते. पहिल्यांदा गेलो तेव्हा ट्रॅक्टरचे इंजिन गच्च धरलेले होते. ट्रॅक्टर ज्या बाईंचा, त्यांचे मालक दोन वर्षांपूर्वी वारले होते. भंगारवाला दारात येऊन भाव सांगून गेला होता. "भाऊजी, दिला तर पोराच्या फीची सोय होते," त्या म्हणाल्या. गावातले म्हातारे मिस्त्री म्हणाले, "बाई, हा मेला नाही, झोपला आहे. एक उन्हाळा द्या आम्हाले."

बाईंनी एक उन्हाळा दिला.

चार हात का हवेत?

मृग लागला आणि पेरणीच्या दिवशी ट्रॅक्टर बंद पडला तर काय होते, हे तुम्हाला सांगायला नको. तालुक्याचा मिस्त्री त्या दिवसांत दहा गावांचा असतो. वापसा मात्र कोणासाठी थांबत नाही. म्हणून मोठी दुरुस्ती कापूस घरात आल्यावर, फाल्गुन-चैत्रातच हाती घ्यावी. पण इंजिन उचलायला चैनकुप्पी लागते, मजबूत जॅक लागतो, पान्यांचा पूर्ण संच लागतो. वर्षातून दोनदा लागणारे हे सामान एका घराने का घ्यावे? चौघांत घेतले तर भार हलका होतो.

ही रीत आपल्याला नवी नाही. गावच्या लोहाराचा भाता आणि सुताराची पटाई साऱ्या गावाची असे, आणि त्याचे बलुते सुगीला धान्यात मिळे. त्या व्यवस्थेत उच्चनीच होते, ते गेले हे बरेच झाले. पण तिच्याबरोबर गावातली दुरुस्तीची जागाही गेली. फ्रान्समधील शेतकऱ्यांनी १९४५ पासून यंत्रे सामाईक वापरण्याच्या सहकारी संस्था काढल्या, आणि त्या आजही चालू आहेत. आपल्याकडेही गटांच्या अवजार बँका झाल्या आहेत. अवजार आले म्हणजे ते मोडणारही. मग दुरुस्तीची जागा नको का?

जुने यंत्र किती दिवस चालते, हे यवतमाळकरांनी डोळ्यांनी पाहिले आहे. आपल्या शकुंतला रेल्वेचे वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनले. १९२३ पासून ते या मार्गावर धावले आणि १९९४ साली त्याच्या जागी डिझेल इंजिन आले. सत्तर वर्षे ते आपोआप चालले नाही. रोज त्याला तेलपाणी करणारे जाणते हात होते.

झोपलेले इंजिन कसे उठवावे?

मिस्त्रींनी घाई केली नाही. इंजेक्टर काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि तेल मिसळून थोडे थोडे ओतले आणि आठ दिवस तसेच ठेवले. मग इंजिन हाताने, हळूहळू, मागे-पुढे हलवले. गच्च धरलेल्या इंजिनाला स्टार्टर मारणे किंवा दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढणे म्हणजे कनेक्टिंग रॉड वाकवून घेणे. हेड उघडल्यावर बोअरची झीज लेथवाल्याकडून मोजून घेतली आणि मगच रिंग-पिस्टन आणले. हेडचे बोल्ट मधून कडेकडे, टप्प्याटप्प्याने आवळले.

सुट्या भागांना वेळ लागला. केंद्र सरकारने २०१६ साली एचएमटीचा ट्रॅक्टर कारखाना बंद करण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे या ट्रॅक्टरचे भाग शोधावे लागतात. अशा वेळी जुना भाग सोबत नेऊन, माप ताडूनच नवा घ्यावा. काढलेला प्रत्येक नट-बोल्ट डब्यात ठेवून त्यावर चिठ्ठी लावावी. पोरांच्या मोबाइलवर उघडण्यापूर्वीचा फोटो असला तर जोडताना वाद होत नाही.

एका पान्यावरून भांडण

सगळे गोडीगुलाबीनेच झाले असे नाही. वैशाखात बावीस-चोवीसचा पाना हरवला आणि दोन घरांचे बोलणे बंद झाले. पंधरा दिवस गोठ्याला कुलूप होते. शेवटी पाना गव्हाणीतल्या कडब्याखाली सापडला. तेव्हा शाळेत जाणाऱ्या एका मुलीने युक्ती काढली. फळीवर खिळे ठोकून प्रत्येक हत्याराची आकृती खडूने काढली. संध्याकाळी फळीकडे पाहिले की कोणता पाना आला नाही ते दिसते. त्या दिवशी सर्वांनी बसून नियमही लिहिले. ते असे :

१. किल्ल्या दोन घरी असाव्यात. हत्यार नेताना वहीत नाव लिहावे.

२. सामाईक हत्यारांचा खर्च सर्वांचा. सुट्या भागांचा खर्च ज्याची गाडी त्याचा.

३. शेतीच्या कामाची गाडी आधी, हौसेची जीप नंतर.

४. हत्यार मोडले तर मोडणाऱ्याने लपवू नये, आणि इतरांनी त्याला टाकून बोलू नये.

जीव आधी, यंत्र मागून

एकदा जॅक सरकला आणि जीप धाडकन खाली बसली. एक पोरगा पाणी प्यायला म्हणून नुकताच खालून निघाला होता. त्याची आई तिथेच होती. ती काही बोलली नाही, मटकन खाली बसली. त्या दिवसापासून नुसत्या जॅकवर कोणी गाडीखाली शिरत नाही. चाकांना उटी आणि खाली भक्कम लाकडी ठोकळे हवेतच.

आपल्याच जिल्ह्यात, महागाव तालुक्यातील फुलसावंगी येथे, ऑगस्ट २०२१ मध्ये एक तरुण वेल्डर स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना पाते लागून गेला. त्याच्या हाताला कसब होते, मनात जिद्द होती. अशी पोरे गावाने जपली पाहिजेत. म्हणून गॅरेजमध्ये एकट्याने काम करू नये, आणि "थांब" म्हणणाऱ्या जाणत्या माणसाचे ऐकावे.

बंद गोठ्यात इंजिन चालू ठेवू नये. धुरातील विषारी वायू कळू न देता जीव घेतो. बॅटरीची ऋण तार आधी काढावी. पेट्रोलजवळ विडी नको. ब्रेकची धूळ फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी. जळके तेल नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये.

कागदपत्रे पाहा

जुनी जीप स्वस्तात मिळते म्हणून उचलू नका. आधी नोंदणी पुस्तक, चेसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक जुळतात का ते पाहा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी होऊन पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते. मनाप्रमाणे सांगाडा बदललेली गाडी रस्त्यावर आणता येत नाही. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून छोटी जीप बनवली. देशभर कौतुक झाले, आणि जानेवारी २०२२ मध्ये महिंद्रा कंपनीने ती जीप घेऊन त्यांना नवी बोलेरो दिली. पण ती गाडी नियमांत बसत नाही, हे आनंद महिंद्रा यांनीही तेव्हा सांगितले होते.

घरच्या मायबहिणींनी खर्चाची वही जरूर पाहावी. हौसेची गाडी बियाण्याचे पैसे खाते का, हे त्यांनाच आधी कळते.

आणि तो ट्रॅक्टर?

अक्षय्य तृतीयेला सुरू करू म्हणाले होते, पण झाला नाही. पंप पुन्हा उघडावा लागला. मृगाच्या चार दिवस आधी सकाळी तो दोनदा खोकला, काळा धूर सोडला आणि लागला. बाईंनी बोनेटला हळदकुंकू लावले. त्यांच्या मुलाला सीटवर बसवून मिस्त्री शेजारी उभे राहिले. त्या वर्षी बाईंच्या शेताची मशागत त्याच ट्रॅक्टरने झाली आणि शेजारच्या चार एकरांचे भाडेही मिळाले. ते पैसे मोठे नव्हते. पण फीची सोय झाली आणि ट्रॅक्टरही दारात राहिला.

तुमच्या गावातही एखादा गोठा रिकामा असेल, आणि एखादे जाणते मिस्त्री घरी बसून असतील. त्यांचे हात चालते आहेत तोवर पोरांना त्यांच्याजवळ बसवा.