नेमणूकपत्र आले म्हणजे नोकरी कायम झाली असे नव्हे



या पानावर आम्ही एरवी लागण, बेणे, खते आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी लिहितो. या खेपेस विषय थोडा निराळा आहे. गेल्या काही हंगामांत ऊस नोंदीसाठी शिवारात फिरताना बांधावर उसाइतकीच दुसरी एक चौकशी होते. "साहेब, पोरगं संगणकाच्या कंपनीत लागलं, पण अजून ट्रेनिंगच चाललंय म्हणतंय. हे ट्रेनिंग संपतंय तरी कधी?" आपल्या गटागटांतून आज इंजिनिअर झालेली मुले-मुली पुणे, बंगळूर, म्हैसूर, हैदराबाद येथे जात आहेत. त्यांचे पहिले वर्ष कसे जाते, हे घरी नीट ठाऊक नसते. त्यापायी एका घरी जो प्रसंग ओढवला, तो पाहून हा लेख लिहिण्याचे आम्ही ठरविले.

आमच्या एका सभासदांच्या मुलाला चांगल्या कंपनीचे पत्र आले. पत्रात वर्षाला साडेतीन लाखांच्या वर पगार लिहिला होता. गावात पेढे वाटले गेले. त्या पत्राच्या भरवशावर वडिलांनी पतसंस्थेचे कर्ज काढून पुण्यातल्या फ्लॅटचे बुकिंग केले. तिसऱ्या महिन्यात मुलगा प्रशिक्षणातील परीक्षेत बसला नाही आणि कंपनीने त्याला मोकळे केले. मुलाने घरी सांगितले नाही. चार महिने तो मित्रांच्या खोलीवर राहिला, एक वेळ जेवला आणि फोनवर "काम चालू आहे" एवढेच सांगत राहिला. शेवटी थोरल्या बहिणीला संशय आला, म्हणून उलगडा झाला. वडील आम्हाला म्हणाले, "साहेब, आम्ही पेढे वाटले, त्यामुळंच त्याला घरी यायला तोंड राहिलं नाही."

चूक मुलाची की बापाची, हा प्रश्न आमच्यापुढे नाही. पत्र आले म्हणजे काय झाले आणि काय व्हायचे राहिले, हे त्या घरात कोणालाच माहीत नव्हते. ते आपण समजून घेऊ.

कन्सल्टन्सी म्हणजे काय?

आपल्याकडे कन्सल्टन्सी म्हटले की नोकरी लावून देणारा दलाल डोळ्यांसमोर येतो. येथे तो अर्थ नाही. टीसीएस (स्थापना १९६८), पुण्यात १९८१ साली सुरू झालेली इन्फोसिस, विप्रो, कॉग्निझंट अशा या कंपन्या होत. परदेशातील व आपल्याकडील बँका, विमा कंपन्या, दुकानदारीच्या साखळ्या यांचे संगणकाचे काम त्या ठरवून घेतात आणि आपल्या माणसांकडून करून देतात. गिऱ्हाईक पैसे मोजते ते बहुधा माणसाच्या तासावर, महिन्यावर किंवा ठरलेल्या कामावर. तुमचा मुलगा गिऱ्हाइकाच्या कामावर चढला की त्याच्यापासून कंपनीला उत्पन्न सुरू होते. तोपर्यंत तो कंपनीचा खर्च असतो. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली की पुढचे सर्व उमगते.

कॉलेजमधून निघालेला मुलगा सरळ कामावर घालता येत नाही. शिवाय या कंपन्या मेकॅनिकल, सिव्हिल, इलेक्ट्रिकल अशा सर्व शाखांची मुले घेतात. त्यांना एका पातळीवर आणण्यासाठी दोन ते चार महिन्यांचे प्रशिक्षण असते. इन्फोसिसचे म्हैसूर येथील केंद्र आणि टीसीएसचे तिरुअनंतपुरम येथील केंद्र प्रसिद्ध आहेत. एक डोळा पद्धतीची रोपे आपण ट्रेमध्ये तीस-चाळीस दिवस वाढवतो आणि मग सरीत लावतो, तसेच हे. तथापि एक फरक आहे. रोपवाटिकेत मेलेल्या रोपाला घरी तोंड दाखवावे लागत नाही.

मुले काय सांगतात?

दिवाळीला व यात्रेला गावी आलेल्या मुला-मुलींशी आम्ही मुद्दाम बोललो. त्यांच्या अनुभवात बरेच साम्य आढळले.

पहिले आठ-पंधरा दिवस आनंदाचे जातात. मोठा परिसर, स्वच्छ खोल्या, देशभरची मुले. नंतर वेग वाढतो. जावा किंवा पायथन यांसारखी एखादी भाषा, माहिती साठविण्याची पद्धत, केलेले काम तपासण्याची पद्धत असे विषय एकामागून एक येतात आणि दर थोड्या दिवसांनी परीक्षा असते. साठ-पासष्ट टक्क्यांची अट असते, असे मुले सांगतात. नापास झाल्यास पुन्हा संधी मिळते. पण संधी मोजक्या असतात. मेकॅनिकलचा एक मुलगा म्हणाला, "कॉम्प्युटरच्या पोरांना जे चार वर्षांत शिकवलं, ते आम्हाला आठ आठवड्यांत गिळायचं होतं. रात्री दोनपर्यंत बसायचो."

दुसरी अडचण बोलण्याची. काम येते, पण सर्वांसमोर इंग्रजीत उभे राहून सांगताना जीभ अडखळते. एका मुलीने सांगितले की पहिला महिनाभर ती वर्गात एकही प्रश्न विचारू शकली नाही. मग खोलीतल्या तमिळ मैत्रिणीशी रोज अर्धा तास इंग्रजीत बोलायचे तिने ठरविले. त्या मैत्रिणीलाही तीच भीती होती. दोघीही पास झाल्या.

२०२० साली कोरोनाच्या काळात हेच प्रशिक्षण घरबसल्या झाले. तेव्हा रेंज मिळावी म्हणून मळ्यातल्या टाकीवर लॅपटॉप घेऊन बसलेली मुले आम्ही स्वतः पाहिली आहेत. परीक्षेच्या ऐन वेळी वीज गेली की काय होत असेल, हे कृषिपंपाचे वेळापत्रक पाळणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

प्रशिक्षण पुरे झाल्यावरही लगेच काम मिळते असे नाही. काम मिळेपर्यंत मुलगा पगारावर बसून असतो. त्यास ही मुले बेंचवर असणे म्हणतात. नांग्या भरण्यासाठी आपण काही रोपे बाजूला राखून ठेवतो, तशी ही राखीव माणसे होत. पण रोपे ट्रेमध्ये फार दिवस राहिली की मुळे गुंडाळतात, आणि येथेही दिवस जातील तसा धोका वाढतो. टीसीएसने जून २०२५ पासून नियम केला की वर्षात निदान २२५ दिवस गिऱ्हाइकाच्या कामावर भरले पाहिजेत आणि बेंचचे दिवस ३५ च्या वर जाऊ नयेत. सबब बेंचवरचा मुलगा "रिकामा बसून पगार खातोय" अशी थट्टा घरी कोणी करू नये. तो बहुधा रोज चार ठिकाणी कामासाठी विचारणा करीत असतो.

पत्र आले तरी वाट पाहावी लागते

२०२२ मध्ये पत्रे मिळालेल्या अनेक मुलांना हजर होण्यासाठी २०२४ पर्यंत थांबावे लागले. त्या मुदतीत कित्येकांनी दुसरी नोकरी धरली नाही. पत्र खोटे नव्हते, पण त्या पत्रावर घर चालत नव्हते.

पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये इन्फोसिसच्या म्हैसूर केंद्रातून, कंपनीच्याच सांगण्याप्रमाणे, तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थींना कमी करण्यात आले. तीन संधी देऊनही ते अंतर्गत परीक्षेत उत्तीर्ण झाले नाहीत आणि ही अट नेमणुकीच्या करारातच होती, असे कंपनीचे म्हणणे होते. पुण्यातील एका कर्मचारी संघटनेने तक्रार केली, आकडा याहून मोठा असल्याचे सांगितले आणि कर्नाटकच्या कामगार खात्याने चौकशी केली. कोण बरोबर हा वाद बाजूला ठेवला, तरी आपल्यापुरता बोध असा की अट कागदावर लिहिलेली असते आणि ती आपण आधी वाचलेली नसते.

पगाराचा आकडा

पत्रातील आकडा हा एकूण खर्चाचा आकडा असतो. आपल्या भाषेत सांगायचे तर एफआरपीचा दर आणि तोडणी-वाहतूक व इतर कपाती वजा जाता खात्यावर पडणारी रक्कम यांत जे अंतर, तेच येथेही आहे. वर्षाला ३ लाख ६० हजार म्हणजे महिन्याला ३० हजार. पण भविष्य निर्वाह निधीत मुलाचा हिस्सा, कंपनीचा हिस्सा, ग्रॅच्युइटी, विमा हे सर्व त्यातच धरलेले असते. हाती साधारण चोवीस-पंचवीस हजार येतात. त्यात पुण्याचे खोलीभाडे, डबा आणि प्रवास. काही ठिकाणी प्रशिक्षणाच्या काळात याहूनही कमी विद्यावेतन मिळते.

बाँड म्हणजे उचल नव्हे, पण बंधन खरे

काही कंपन्या लिहून घेतात की इतका काळ नोकरी सोडल्यास अमुक रक्कम भरावी लागेल. टोळीने उचल घेतली की हंगाम पुरा करावा लागतो, तसेच हे दिसते. फरक असा की उचल हातात पडते. येथे प्रशिक्षणाचा खर्च कंपनीच सांगते.

"असला बाँड कोर्टात टिकत नाही" असे बरेच जण छातीठोकपणे सांगतात. ते सरसकट खरे नाही. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षे सेवा अथवा दोन लाख रुपये ही अट वैध ठरविली. ती सरकारी बँक होती व तिची भरतीची पद्धत निराळी, हेही लक्षात घ्यावे. दुसऱ्या बाजूने, भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. मिळते ती वाजवी भरपाई. म्हणजे सही डोळे झाकून करू नये, आणि धमकीच्या नोटिशीला घाबरून लगेच पैसेही भरू नयेत. आधी वकिलाला कागद दाखवावा.

सभासद-पालकांनी काय करावे?

१. पत्र मुलासोबत बसून पूर्ण वाचावे. प्रशिक्षण किती दिवस, परीक्षा किती, संधी किती, कायम कधी करणार, बाँडची रक्कम किती, हे पाच मुद्दे वहीत उतरवून घ्यावेत.

२. कायम झाल्याचा कागद हाती येईपर्यंत त्या पगारावर फ्लॅट, गाडी किंवा लग्नाचा खर्च ठरवू नये. त्यासाठी सातबाऱ्यावर बोजा तर मुळीच चढवू नये.

३. नोकरीसाठी कोणालाही पैसे देऊ नयेत. या मोठ्या कंपन्या उमेदवाराकडून पैसे घेत नाहीत. "अनामत भरा, ट्रेनिंगनंतर नोकरी पक्की" म्हणणारा दलाल समजावा.

४. मूळ गुणपत्रके व पदवी कोणाच्या ताब्यात ठेवू नयेत. तपासायला दाखवावीत व परत घ्यावीत.

५. मुलास कमी केलेच तर त्याने राजीनाम्याच्या कागदावर घाईने सही करू नये. वाचून, प्रत घेऊनच करावी. कार्यमुक्तीचे पत्र, देय पगार आणि निर्वाह निधीचा खाते क्रमांक मागून घ्यावा. पुढच्या नोकरीस हे कागद लागतात.

६. मुलीच्या बाबतीत रात्रपाळी असल्यास ने-आण करण्याची सोय कंपनीने करावयाची असते. ती आहे ना, याची खात्री करावी.

७. आठवड्यातून एकदा फोन करताना "पगार झाला का?" एवढेच विचारू नये. "पेपर कसा गेला, अवघड जातंय का?" हेही विचारावे.

हा सातवा मुद्दा आम्हास सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आम्ही स्वतः कृषी पदविका घेऊन या खात्यात शिकाऊ म्हणून लागलो, तेव्हा पहिल्या वर्षी एका प्लॉटची नोंद चुकीच्या गटात टाकली होती. घरी सांगितल्यावर वडील एवढेच म्हणाले, "उद्या जाऊन सुधार." तेवढ्या शब्दावर आम्ही टिकलो. आडसालीचा एखादा फड गेला तर आपण शेत सोडत नाही. खोडवा काढून नवी लागण करतो. मुलाच्या बाबतीतही तेवढा धीर आपल्याकडे असला पाहिजे.

ज्या मुलाची हकीकत वर सांगितली, तो गावी परत आला. दोन महिने घरी राहिला, पाण्याच्या पाळ्या दिल्या आणि पुन्हा अभ्यास केला. आज तो एका लहान कंपनीत तपासणीचे काम करतो. पगार पहिल्या पत्रापेक्षा कमी आहे. बुकिंगचे काही पैसे बुडाले, पतसंस्थेचे हप्ते अजून चालू आहेत. पण या वेळी पत्र आले तेव्हा वडिलांनी पेढे आणले नाहीत. आधी मुलाला शेजारी बसवून त्यांनी ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून घेतले.

ज्यांच्या घरी असे पत्र आले असेल व त्यातील मजकूर उमगत नसेल, त्यांनी गट ऑफिसला येताना ते सोबत आणावे. ऊस नोंदीच्या कामात दहा मिनिटे काढून आम्ही ते आपणासोबत वाचू. कळावे.

— ऊस विकास अधिकारी