दागिन्यांआडचा गोपाळराव

नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातला गोपाळराव १८७५ मध्ये दत्तक जाऊन बडोद्याचा सयाजीराव गायकवाड झाला. त्याच्या कोवळ्या वयातली, रत्नांनी लगडलेली छायाचित्रं ही निव्वळ नोंद नव्हे. गादीवरचा हक्क ठसवण्याचं ते साधन होतं, असं मला वाटतं. त्या काळी छायाचित्रासाठी वापरल्या जाणाऱ्या, ओल्या कोलोडियन या रसायनाचा थर दिलेल्या काचेला अनेकदा काही सेकंद प्रकाश द्यावा लागे, म्हणून चेहरा निश्चल ठेवणं भाग होतं. तांबडा रंग तिला जवळजवळ दिसतच नसे. लाल पगडी काळी उमटे. मग त्या पोराचा करारीपणा कितीसा त्याचा आणि कितीसा रसायनाचा? तैलचित्रही असाच हक्क ठसवतं, असं कुणी म्हणेल. राजा रविवर्म्यानं बडोद्याच्या राजघराण्याची चित्रं काढलीच. पण तैलचित्र एका भिंतीवर राहतं. एका काचेवरून मात्र हव्या तितक्या प्रती निघत. रविवर्म्यालाही पुढे मुंबईत छापखाना काढावासा वाटला, तो प्रतींच्या याच ताकदीमुळे.