आजारपणाचे पैसे कोण भरतो?

गटाची कर्जवही उघडली की ‘कर्ज कशासाठी’ हा रकाना मी नेहमी वाचते. जाळी, होडीचे इंजिन, घरातल्या पर्यटकांच्या खोल्यांची डागडुजी, पोरांची फी. आणि मधेमधे एकच शब्द, ‘आजारपण’. जाळ्यासाठी घेतलेले कर्ज मासळी फेडते. आजारपणाचे कर्ज मात्र आपल्याला पोटाला चिमटा काढूनच फेडावे लागते. आजार काय सांगान येता? म्हणून आज बोलूया ते उपचारांचे पैसे कोण भरतो यावर.

पैसे भरणारे तिघेच असतात. सरकार, विमा किंवा आपण स्वतः. आपल्या देशात 2013-14 साली आरोग्यावर झालेल्या एकूण खर्चातला 64.2 टक्के लोकांनी थेट खिशातून भरला होता. 2021-22 मध्ये तो 39.4 टक्क्यांवर आला. म्हणजे फरक पडला, पण शंभरातले एकोणचाळीस रुपये अजून आपलेच जातात.

सरकार पैसे भरते तेव्हा ते ‘कोणासाठी’ भरते हेही ठरलेले असते. आपल्या जिल्ह्याला हे गोव्याने शिकवले. मोठे दुखणे आले की सिंधुदुर्गातली माणसे वर्षानुवर्षे बांबोळीला जात आली, देवबागपासून शंभर किलोमीटरच्या पुढे. जानेवारी 2018 पासून गोवा सरकारने तिथे बाहेरच्या राज्यांतल्या रुग्णांना शुल्क लावले. आपल्याकडे संताप झाला, दोडामार्गला आंदोलन झाले, मंत्र्यांच्या चर्चा झाल्या. राग खरा होता. पण गोव्याचेही एक म्हणणे होते. ते रुग्णालय गोवेकरांच्या करातून चालते. त्यांच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्डसुद्धा गोव्यात किमान पाच वर्षे राहिलेल्यालाच मिळते. बोली एक, सोयरीक एक, तरी पत्रादेवीचा नाका ओलांडला की पैसे भरणारा बदलतो. मला विचाराल, तर गाऱ्हाणे गोव्यापेक्षा आपल्याच सरकारकडे घालायला हवे होते, की आमच्या जिल्ह्यात तज्ज्ञ डॉक्टर का टिकत नाहीत?

आता आपल्या राज्याचे. 2012 मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली. 2017 मध्ये तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना झाले. तेव्हा वर्षाला कुटुंबामागे दीड लाखाचे संरक्षण होते. आता आयुष्मान भारतशी जोडून ते पाच लाख आहे, आणि पिवळे, केशरी, पांढरे असे कुठलेही रेशनकार्ड चालते. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्न न बघता वेगळे वय वंदना कार्ड मिळते. घरात सासूबाई असतील तर हे आधी करा.

पण एक नीट समजून घ्या. हे कार्ड दवाखान्यात दाखल होऊन घ्यायच्या, यादीत असलेल्या उपचारांसाठी आहे, आणि योजनेत असलेल्याच रुग्णालयात चालते. रोजची बीपीची गोळी, साखरेची तपासणी, खाजगी डॉक्टरची फी त्यात नाही. आणि आपला पैसा नेमका तिथेच थेंबथेंब गळतो. थायलंडने 2002 मध्ये योजना केली ती वेगळी. तीस बाट, म्हणजे तेव्हाचे आपले चाळीसच्या आतले रुपये, एवढ्यात साधी तपासणीसुद्धा त्यात आली. मोठ्या ऑपरेशनला पाच लाख आणि छोट्या गोळीला काही नाही, असा प्रकार तिथे ठेवला नाही.

आपल्याकडे ही उणीव भरायची जागा म्हणजे उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र. तिशीनंतर तिथे बीपी, साखर तपासून मिळते. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी, उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये दुसऱ्या खात्याकडे असतात, तिथे आधी विचारून घ्यावे.

लेप्टोचेच बघा. उंदराच्या लघवीने दूषित झालेल्या चिखलपाण्यातून, पायाच्या जखमेवाटे तो शिरतो. लावणीच्या दिवसांत आशाताई प्रतिबंधक गोळ्या देतात, त्या फुकट असतात. (गरोदर असाल तर तसे त्यांना आधी सांगा.) आणि ‘ताप आहे, उतरेल’ म्हणून चार दिवस काढले, की मूत्रपिंड बिघडून डायलिसिसपर्यंत वेळ येते. तेव्हा कार्ड उपयोगी पडेलही, पण बुडालेली मजुरी आणि रुग्णाजवळ बसणारीचे दिवस कोण भरणार?

पुढच्या मासिक बैठकीला रेशनकार्ड, आधार आणि आधारला जोडलेला मोबाईल घेऊन या, कोणाचे कार्ड राहिले ते तिथेच पाहू. रेशनकार्डावर सुनेचे, नव्या बाळाचे नाव चढले आहे का, तेही बघा. रुग्णाला बाहेर हलवण्याआधी 155388 किंवा 1800 233 2200 या फुकट क्रमांकावर विचारा, की हे रुग्णालय योजनेत आहे का आणि हा उपचार यादीत आहे का. तिथे पोचलात की पैसे भरण्याआधी आरोग्यमित्राचे टेबल शोधा. कोणी पैसे मागितले तर पावती मागा, आणि ती जपून ठेवा.