सांभाळणाऱ्यांचा न मांडलेला खर्च

पक्षाघात, फिट्स, कंपवात किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या औषधांचा खर्च सगळ्यांना दिसतो. त्याला सांभाळणाऱ्याचा खर्च मात्र कुठेच मांडला जात नाही. जाफराबाद तालुक्यातल्या टेंभुर्णीहून मेंदूच्या डॉक्टरला दाखवायला बहुधा जालना नाहीतर छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. सोबत जाणाऱ्याचा रोज बुडतो. वेचणीचे दिवस असले तर कापूस झाडावरच राहतो. घरातल्या बायकोने किंवा सुनेने दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची, घास भरवायचा, मध्यरात्री घराबाहेर पडलेल्या म्हाताऱ्याला समजावून परत आणायचे, याला तर मजुरीच नाही.

ही मजुरी धरली की आकडे कसे फुगतात, ते जागतिक आरोग्य संघटनेने दाखवले आहे. 2019 साली स्मृतिभ्रंशाचा जगभरातला खर्च सुमारे 1.3 लाख कोटी डॉलर होता आणि त्यातला जवळपास निम्मा घरच्यांच्या बिनपगारी सेवेचा. या सेवेचे सुमारे 70 टक्के तास बायकांचे.

सांभाळणाऱ्यांना आधार दिल्याने नेमके काय साधते, याचा चांगला पुरावा गोव्यात आहे. डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या 81 कुटुंबांवर केलेली चाचणी 2008 मध्ये प्रसिद्ध झाली. डॉक्टर नसलेले, पण प्रशिक्षण घेतलेले स्थानिक कार्यकर्ते सहा महिने घरोघरी जात. आजार समजावून सांगत, चिडलेल्या रुग्णाशी कसे वागावे ते दाखवत, सरकारी योजनांची माहिती देत. वर मानसोपचारतज्ज्ञांची देखरेख असे. रुग्णांत ठळक सुधारणा सिद्ध झाली नाही, पण सांभाळणाऱ्यांचे मानसिक आरोग्य स्पष्टपणे सुधारले. रुग्णांत सुधारणा सिद्ध झाली नाही एवढ्यावरून कार्यक्रम फसला असे म्हणणे चूक ठरेल, कारण घरात कोलमडायच्या बेतात असलेली व्यक्ती सांभाळणारीच असते.

महाराष्ट्रात कंपवातासाठी मुंबईची पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी 2001 पासून काम करते. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. अशा संस्थांचा जोर शहरांत जास्त. कायद्याच्या बाजूने पाहिले तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने कंपवात, मल्टिपल स्क्लेरोसिस आणि मेंदूचे इतर दीर्घ आजार दिव्यांगत्वात धरले. जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूदही त्यात आहे, पण ती सरकारच्या आर्थिक कुवतीच्या अटीने बांधलेली.

गोव्यासारखे काम टेंभुर्णीत कोण करणार, म्हटले की आशाताईंचे नाव पुढे येते. नवजात बाळासाठी ठरलेल्या सहा-सात गृहभेटी पूर्ण केल्या की त्यांना 250 रुपये मिळतात. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या घरच्या भेटींनाही असाच दर आधी ठरवावा लागेल. नाहीतर एका बाईचे बिनपगारी काम दुसरीच्या गळ्यात पडेल.